हिची जागा सोडा

फोन सकाळी सव्वासातला आला. देवासला आमच्या ओट्यावर पोह्यांची फोडणी तडतडत होती, शाळेत पहिला तास माझाच होता, आणि पलीकडून धारहून सुधामामी म्हणत होती, "पमे, माशांना आज सकाळचं खाणं घातलंय का नाही, तेच कळत नाहीये गं मला." मी गॅस बंद केला. धारच्या त्या घरात माशांना सकाळचं खाणं गेली तीस-पस्तीस वर्षं बंडूमामाच घालत आला होता. अंगात ताप असला तरी तोच, घरात लग्नकार्य असलं तरी तोच. मामीला विचारायचंच असतं, तर ज्याला विचारायचं तो दहा पावलांवर आपल्या खुर्चीत असायचा... त्या दिवशीही होता. आंघोळ करून, पेपर मांडीवर घेऊन बसला होता, आणि बसल्या बसल्याच गेला होता.

त्याला आता सात आठवडे झाले. लिहायला बसले की डोळ्यांत पाणी येण्याआधी हसूच येतं, त्याला मी तरी काय करू? ज्या माणसाने आमच्या अख्ख्या गोतावळ्याला माशांच्या टाकीच्या स्टँडवर पाठीला पाठ लावून बसवलं आणि वर पाढे म्हणायला लावले, त्याच्याबद्दल गंभीर चेहऱ्याने लिहिणं मला काही जमायचं नाही. आणि खरं सांगायचं तर तो गेल्यावर आम्हा सगळ्यांना जो घोर लागला होता, की मामी आता एकट्या त्या घरात कशी राहणार, तो घोरही शेवटी तसल्याच एका स्टँडने मिटवला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

बंडूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. आमचे पूर्वज धारच्या दरबारात कारकून म्हणून आले. पण घरात सांगताना दर पिढीत त्यांना एकेक बढती मिळत गेली, आणि माझ्या आजीपर्यंत ते दिवाणांच्या मांडीला मांडी लावून बसू लागले होते. मामाला त्यात काडीचा रस नव्हता. आजी रंगात आली की तो मध्येच विचारायचा, "ते बसायचे त्या बैठकीला पाय कशाचे होते, ते सांग." तब्येतीने काटक, कानावर सुताराची चपटी पेन्सिल, आणि खिशात बोटभर लांबीची पाणसळ. हॉटेलात चहा आला की आधी ती पाणसळ टेबलावर ठेवायची. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला तरच कपाला हात लावायचा. मामी अशा वेळी दुसरीकडे बघत बसायची, जणू हा गृहस्थ आपल्याबरोबर आलेलाच नाही.

पाढ्यांचं प्रकरण उदयनगरचं. नोकरीच्या सुरुवातीला मामाची बदली तिथे, देवास जिल्ह्यातल्या जंगलात झाली होती. नाल्यावर सागाच्या ओंडक्यांचा तात्पुरता पूल घातला, की खात्याची जीप त्यावरून नेण्याआधी तिथला म्हातारा मुकादम सगळ्या मजुरांना पुलावर उभं करायचा आणि स्वतः मधोमध उभा राहायचा. मामा नवा होता, हातात नकाशाचा कागद घेऊन काठावर थांबला होता. मुकादम त्याला म्हणाला, "साब, कागद ने तो हां कर दी, अब थोडा तम भी आओ बीच में." मामा गेला. मुकादम एक बिडी संपेपर्यंत उभा राहायचा, तेवढ्या वेळात ओंडके कुरकुरले नाहीत तर पूल पास. मामा बिडी ओढत नव्हता, म्हणून त्याने तेवढ्या वेळासाठी पावकी, निमकी, अडीचकी, औटकी हे आजोबांनी घोटून घेतलेले पाढे म्हणायला सुरुवात केली. पुढे मनावर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या छोट्या पुलियांपासून आमच्या घरच्या झोपाळ्यापर्यंत, मामाच्या हातून गेलेली प्रत्येक वस्तू औटकी संपेपर्यंत माणसांचं वजन सोसून मगच वापरात आली.

मामा-मामींना मूल नव्हतं. त्याबद्दल आमच्यासमोर कुणी काही बोलत नसे. मी आठवीत असताना एका रविवारी मामा इंदूरहून रिकामी काचेची टाकी घेऊन आला आणि मामीला म्हणाला, "घरात काहीतरी हलतं-फिरतं पाहिजे." टाकी तीन फुटी. आता ती ठेवायची कशावर? त्या वर्षी धारमध्ये टीव्हीच्या ट्रॉल्यांचं नवं खूळ आलं होतं, भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या, वरून सागवानासारखा दिसणारा कागद चिकटवलेल्या. मामीला तशी ट्रॉली आवडली होती, आणि मामाने तीच आणली. मग रीतसर तपासणी झाली. पाण्याचं, काचेचं, वाळूचं मिळून जितकं वजन, त्याच्या दीडपट माणसं वर बसली पाहिजेत, हा नियम. मी बसले, माझे आईवडील बसले, मामा बसणारच होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी. "मी नाही बाई बसायची तुमच्या सर्कशीत," ती म्हणाली. "शेजारपाजारचे बघतील तर काय म्हणतील?" मामाने क्षणभर विचार केला, आम्हाला म्हणाला, "सरका. हिची जागा सोडा." आणि कोठीतून गव्हाचं पोतं आणून मामीच्या जागी ठेवलं. पाढे झाले, ट्रॉली हूं की चूं करेना. "भरा पाणी!" मामाने हुकूम सोडला.

माणसं कोरडी असतात, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी मामाच्या ध्यानात आली नाही. टाकी पुसताना, पाणी बदलताना रोज चार थेंब सांडायचे. ते त्या कागदाखालून बोर्डात मुरत गेले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मामीच्या बैठकीत पंचवीस बायका, हातात पन्ह्याचे पेले, आणि तेवढ्यात ट्रॉलीचा एक कोपरा भिजल्या बिस्किटासारखा खाली बसला. टाकी तिरकी झाली, काचेला सरसरत तडा गेला आणि सगळं पाणी रेशमी साड्यांच्या दिशेने निघालं. पुढची पाच मिनिटं जे झालं ते धारच्या मराठी बायका अजून सांगतात. वकीलकाकू पदर कमरेला बांधून जमिनीवर मासे धरत होत्या, आई तांब्याचं घंगाळ घेऊन मागे पळत होती, कुणी किंचाळत होतं, कुणी हसत होतं. शेवटी मोजले तर एक मासा कमी. मामीचा चेहरा पडला. तासाभराने ओट्या भरायला भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं पुढे ओढलं, तर तो त्यात मजेत फिरत होता. गडबडीत कुणीतरी हाताला लागेल त्या पाण्यात सोडला होता. मामा संध्याकाळी साइटवरून परतला. मामी आता रागावणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. ती एवढंच म्हणाली, "पुन्हा आणा टाकी. पण या वेळी खाली काय घालायचं ते नीट बघा."

त्याने नीट बघितलं ते किती, म्हणाल तर वर्षभर! उदयनगरच्या ओळखीतून जुन्या मोडलेल्या घराचं सागवान मिळवलं, सुताराच्या उरावर बसून कुसवाचे, लाकडात लाकूड रुतवलेले सांधे करून घेतले, खिळ्यावर वजन म्हणून येऊ दिलं नाही. "खिळा फक्त धरतो, पमे, उचलत नाही. उचलायचं काम पायाचं," हे त्याचं वाक्य. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी जागा होती तेवढ्याच मापाची नवी टाकी करून घेतली, तीन फूट दहा इंच लांब. असली अडनिडी टाकी अख्ख्या धारमध्ये दुसरी नसेल. त्या स्टँडवर आम्ही पाच माणसं आणि गव्हाचं पोतं असे पाठीला पाठ लावून बसलो. मामी दारातच. "हिची जागा सोडा" हे तोवर घरातलं ठरलेलं वाक्य झालं होतं. पुढे झोपाळा आला, माळा आला, माझ्या लग्नात रुखवताचं टेबल आलं. दर वेळी मामीला आग्रह व्हायचा, दर वेळी ती नाही म्हणायची, आणि दर वेळी पोतं यायचं. मामा पोत्यावर थाप मारून म्हणायचा, "आमची ही वजनाला तशी बरी आहे हो!" मग आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

त्या सागवानी स्टँडवर टाकी अगदी आत्ताआत्तापर्यंत उभी होती. मासे आले, गेले, पुन्हा आले. शेवटी शेवटी गोल्डफिश होते, त्यांतला सगळ्यात जाडा, पोट पुढे काढून फिरणारा, तो दिवाणसाहेब. नाव मामीने ठेवलं होतं, आमच्या पूर्वजांच्या बढत्यांवरून.

गेल्या वर्षी मामा अचानक बसने देवासला आमच्याकडे येऊ लागला. पहिल्या खेपेलाच हॉलची पूर्वेकडची भिंत बोटांच्या पेरांनी वाजवून बघितली, फरशीवर पाणसळ ठेवली आणि म्हणाला, "इथे स्टँड करू."

"कसला?"

"टाकीचा."

"मामा, मला मासे नकोत. माझ्या हातून कुंडीतली तुळस जगत नाही, तुला ठाऊक आहे."

"तुला मासे देतंय कोण? मी स्टँड देतोय."

माझे यजमान मुकुंद समजूतदारपणे म्हणाले, की हल्ली तयार स्टँड घरपोच मिळतात. मामाने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पुढचा महिनाभर त्या विषयात तोंड उघडलं नाही. पुढच्या खेपेला तो पिशवीत तुकडे घेऊन आला. भुशाच्या बोर्डाचा तुकडा, साध्या प्लायचा, वॉटरप्रूफ प्लायचा, सागवानाचा, लोखंडी अँगलचा. प्रत्येकावर पेन्सिलने नाव. ते सगळे माझ्या बाथरूममधल्या बादलीत बुडवले आणि माशांचं खाणं पहिल्यांदाच मामीवर सोपवून चार दिवस आमच्याकडेच मुक्काम ठोकला. आमचा चिनू इंदूरला इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी घरी आला तर आंघोळीला बादली नाही. "मामाआजोबा, ये तो पूरा ओव्हरइंजिनिअरिंग आहे यार," तो म्हणाला. मामा खूश झाला, म्हणाला, "बैस, तूही बघ." रोज सकाळी दोघं बादलीवर वाकलेले. चौथ्या दिवशी भुशाच्या बोर्डाचे भिजवलेले पोहे झाले होते. साधा प्लाय कडेने पानापानाने सुटला होता. वॉटरप्रूफ प्लाय जसाच्या तसा. सागवान तर आपण पाण्यात आहोत हे गावीच नसल्यासारखं. कच्च्या लोखंडावर मात्र तांबूस गंज आला होता.

मी म्हटलं, "मग ठरलंच की, सागवान." मामाने सागवानाचा तुकडा हातात घेतला, वास घेतला, टॉवेलने पुसला. "मला तेच आवडतं," तो म्हणाला. "पण लोखंड घेऊ, दोनदा रेड ऑक्साइड मारून, वर रंग. लाकडाला माझ्यासारखा म्हातारा लागतो अधूनमधून ठोकठाक करायला. तो तू कुठून आणणार? लोखंडाला काही झालं, तर कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला येऊन डाग देऊन जाईल." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. खरंच वाटलं नाही... त्या दिवशी शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासायचे पडले होते, आणि बादली परत मिळाली याचाच आनंद जास्त होता.

कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला म्हणजे कैलास भिया; आमच्या माळव्यात भैयाचा भिया होतो. त्याने मामाचा नकाशा बघून डोक्याला हात लावला. "बाबूजी, मच्छी रखनी है के हाथी?" मामा म्हणाला, "भिया, हाथी तो थक के उतर जाएगा. पानी एक बार बैठा तो बैठा ही रहेगा." तिथून दोघांचं जे जमलं, ते विचारू नका. मागच्या अंगाला तिरप्या पट्ट्या, नाहीतर सांगाडा उभा राहतो पण डुलतो. पायांखाली तळहाताएवढे लोखंडी पत्रे, नाहीतर सगळं वजन चार टोकांवर येऊन फरशी फुटते. वर पाऊण इंची वॉटरप्रूफ प्लाय आणि त्यावर थर्मोकोलचा पत्रा, कारण काचेला खालून वाळूचा एक खडा टोचला तरी ती कधी ना कधी सूड घेते. मी विचारलं, लांबी सरळ चार फूट का नाही? तीन फूट अकरा हे काय माप झालं? "पमाबाई, गणित शाळेत शिकवा," असं म्हणून त्याने मला उडवून लावलं.

स्टँड तयार झाला. तपासणी तेवढी राहिली. मी म्हटलं, आत्ताच बसू या, आम्ही तिघं, तू, कैलास भिया, आणि पोतं आहेच घरात. मामा नको म्हणाला. "मामी येऊ दे एकदा. ती आली की करू." मामीचं येणं होईना, माशांना सोडून ती कुठे जातच नसे. तिला आणायचं म्हणता म्हणता तो स्टँड आमच्या हॉलमध्ये चादर पांघरून उभा राहिला, मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले, आणि मग तो सव्वासातचा फोन आला.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. धारच्या घरात मामी आणि मी. मी तिला म्हटलं, आता देवासला चल. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आणि मासे?" मी देवासला परतल्यावर दर दोन दिवसांनी आमचं फोनवर हेच. मी म्हणायची, "अगं, कुणाला तरी देऊन टाकू." ती म्हणायची, "दिवाणसाहेब अकरा वर्षांचे आहेत. त्यांना आता कोण सांभाळून घेणार?" आवाज मात्र दर फोनला बारीक होत चालला होता. एकदा म्हणाली, स्वयंपाक करायला उभी राहते, पण एकटीसाठी कुकर लावावासा वाटत नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी हॉलमध्ये येऊन बसले. समोर इस्त्रीचे कपडे, खाली चादर, चादरीखाली तो स्टँड. सहज मनात आलं, तीन फूट अकरा. उठून टेप आणला. लांबी मोजली, मग रुंदी मोजली, मग गणिताच्या बाईला शोभेल असं पुन्हा एकदा मोजलं. धारची टाकी तीन फूट दहा. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच सोडून... वर्षभर तो माणूस माझ्या घरात येऊन, माझी बादली अडवून, माझी चेष्टा करून मामीच्या माशांची जागा करत होता. मासे आले म्हणजे मामी आलीच. हे तो मला तोंडाने सांगू शकला असता, पण मग मला विचारावं लागलं असतं, "मामा, तुझं काय?" ते त्याला टाळायचं होतं, दुसरं काय! मी खाली बसून रडले आणि मग स्वतःच्या अकलेला हसले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून धार गाठलं. टेप बरोबर नेला होता. मामीसमोर टाकी मोजून दाखवली, देवासचं माप सांगितलं. "मला म्हणाले होते, पमाला मासे पाळायची भारी हौस आलीये म्हणून!" असं म्हणून ती जी हसायला लागली, ती हसता हसता पदरात तोंड घालून रडली आणि पुन्हा हसली. मग नाक पुसून तिने अगदी मामाच्या सुरात विचारलं, "तपासलंय का पण ते?"

"नाही. तू येईपर्यंत थांबला होता तो."

मामी उठली आणि कपाटातून बॅग काढली.

मागच्या रविवारी कैलास भियाच्या छोट्या टेंपोतून टाकी, वाळू, आणि झाकणाच्या बादल्यांतून मासे असा लवाजमा देवासला आला. मामी पुढच्या सीटवर, मांडीवर दिवाणसाहेबांची बादली. प्रत्येक गतिरोधकाला "भिया, धीरे!" ऐकून कैलास भिया इंदूर येईपर्यंत रडकुंडीला आला होता. घरी पोचल्यावर चहासुद्धा नको म्हणाली. "आधी तपासणी."

चादर काढली. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. मुकुंद, मी आणि चिनू एका बाजूला बसलो, पलीकडून कैलास भिया चढला. "माताजी, ये तो मैं पैली बार देख रिया हूं," तो म्हणाला. मग चिनू सवयीने उतरून आत गेला, गव्हाचं पोतं घेऊन आला आणि कैलास भियाच्या शेजारी, मधोमध, मामीच्या जागी ठेवू लागला. त्याच्या पलीकडची जागा रिकामी होती. तिच्याकडे आम्ही कुणी बघत नव्हतो.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, जशी धारला उभी राहायची तशीच. तिने पदर खोचला.

"चिनू, ते पोतं पलीकडे ठेव. तिथे हे बसायचे," ती म्हणाली. "आणि सरका जरा. माझ्या जागी मी बसते."

मुकुंदांनी हात दिला. सत्तरी ओलांडलेली माझी मामी आयुष्यात पहिल्यांदा स्टँडवर चढून बसली, पाय लोंबकळत, एक हात शेजारच्या पोत्यावर. आम्हाला पाढे सुचेनात. चिनूला तर येतच नव्हते, तो मोबाइलवर ढैया, म्हणजे हिंदीतली अडीचकी, शोधत होता. मामीने सुरुवात केली. पावकी, निमकी, अडीचकी, कुठे अडखळली नाही. पस्तीस वर्षं दारात उभी राहून तिने ते सगळं ऐकलं होतं. औटकीही तिने पूर्ण केली. स्टँड हूं की चूं करेना.

ती उतरली, साडी नीट केली, पोत्यावर एक हलकी थाप मारली आणि आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाली, "भरा पाणी."